बोनस कोड टाकण्याआधीचा हिशोब, आणि पैसे अडकले तर कोणतं पाऊल आधी

ऑनलाइन कॅसिनोच्या बोनस कोडात, म्हणजे टाकला की खात्यात जादा रक्कम दाखवणाऱ्या शब्दात, लोक दोन जागी चुकतात. कोड टाकताना अटी वाचत नाहीत, ही पहिली. दुसरी जास्त महागात पडते: पैसे अडकले की घाबरून आधी अ‍ॅप काढून टाकतात आणि मग तक्रारीला निघतात, तेव्हा हातात पुरावाच नसतो. म्हणून खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. ज्यांनी अजून रुपयाही भरलेला नाही त्यांना पहिले तीन पुरेत. ज्यांचे पैसे आत गेलेत त्यांनी चौथ्यापासून सुरुवात करावी, मागचं नंतर वाचलं तरी चालेल.

## टप्पा १: कोड कोणी पाठवला आणि पाठीमागे कोण आहे

आधी कायदा, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केला आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींनी त्यावर सही केली. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा वाद या कायद्याने संपवला. पैसे लागले की तो बंदीत आला. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. कोड वाटणारा रीलवाला या दुसऱ्या गटात मोडतो. नुसतं खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही. राज्याचा १८८७ चा जुगारबंदी कायदा मात्र वेगळा आहे, दोन्हींची गल्लत करू नका.

याचा तुमच्यासाठी अर्थ असा, की सोलापुरात बसून जो कॅसिनो मोबाईलवर उघडतो त्याला भारतातला परवाना नाही. 'आमच्याकडे कुरासावचं लायसन्स आहे' हे खरं असलं तरी ते त्या कॅरिबियन बेटावरचं. तुमचे दहा हजार अडकले तर तिथे तुमचं कोण ऐकणार? 'गोव्याचं लायसन्स' हा दुसरा लाडका दावा. गोव्यातले परवाने तिथल्या बोटींवरच्या आणि हॉटेलांतल्या कॅसिनोंसाठी आहेत. त्यांच्या जोरावर मोबाईलवर पैशांचा खेळ चालवता येत नाही.

म्हणून कोड शहाणपणाने वापरायचा म्हणजे काय, याचं आमचं उत्तर सरळ आहे: भारतात बसून तो वापरू नये. तरी पुढचे दोन टप्पे दिलेत, कारण 'मोफत' या शब्दाची भूल नुसत्या उपदेशाने उतरत नाही, आकड्यांनी उतरते. शिवाय ज्यांचे पैसे आत आहेत त्यांना बाहेर पडतानाही याच अटी समजाव्या लागतात.

आता कोड पाठवणाऱ्याकडे बघू. कोडमध्ये त्याची ओळख गुंतलेली असते. तुम्ही तो टाकला की तुमचं खातं त्याच्या नावे जमा होतं, आणि त्याला एकतर पहिल्या भरण्यावर ठरावीक रक्कम मिळते, नाहीतर तुम्ही पुढे जे हराल त्यात टक्केवारी. दुसऱ्या प्रकारात तुम्ही जिंकलात तर त्याचं नुकसान आहे. जिंकल्याचे स्क्रीनशॉट रोज टाकणारा माणूस तुमच्या हरण्यावर जगत असतो, हे कोडाखाली कुठेही लिहिलेलं नसतं.

तपासा:
- अ‍ॅप प्ले स्टोअरवर आहे, की लिंकवरून एपीके फाइल उतरवायला सांगतात? एपीके असेल तर तिथेच थांबा.
- ते अ‍ॅप एसएमएस वाचायची किंवा अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी मागतं का? पत्ते खेळायला या दोन्हींची गरज नाही. एसएमएस वाचता आले की ओटीपी वाचता येतो. अ‍ॅक्सेसिबिलिटी दिली की तुमच्या स्क्रीनवर तुमच्याऐवजी दुसरा कोणी बोट फिरवू शकतो.
- पैसे कंपनीच्या नावावर जातात, की दर वेळी वेगळ्या माणसाच्या यूपीआय आयडीवर? दर वेळी नाव बदलत असेल तर ती भाड्याने घेतलेली खाती आहेत. याचा त्रास नंतर तुमच्या खात्याला कसा होतो ते सातव्या टप्प्यात आहे.

## टप्पा २: अटी कोणत्या क्रमाने वाचायच्या

बोनस हे बक्षीस नसतं. यंत्रमागावरच्या कामगाराला मालक देतो तशी ती उचल असते: रक्कम हातात दिसते, पण फिटेपर्यंत तुम्ही बांधलेले. फेडायची कशी, ते 'टर्म्स'च्या पानावर असतं आणि ते पान बहुधा इंग्रजीत असतं. सगळं वाचायची गरज नाही. पुढच्या गोष्टी याच क्रमाने शोधा. एकही सापडली नाही तर ती तुमच्या विरुद्ध आहे असं धरून चला.

पट किती आणि कशावर. याला वॅगरिंग, रोलओव्हर किंवा टर्नओव्हर म्हणतात. '३० पट' याचा अर्थ पैसे काढण्याआधी त्या रकमेच्या तीसपट डाव लावायचे. पण कोणत्या रकमेच्या? नुसत्या बोनसच्या, की तुम्ही भरलेले पैसे अधिक बोनस अशा बेरजेच्या? शब्द तेच, ओझं दुप्पट. लोक सगळ्यात जास्त इथेच फसतात, कारण जाहिरातीत फक्त '३० पट' असतं, 'कशावर' ते आतल्या पानावर.

कोणता खेळ किती धरतात. स्लॉटचा (बटण दाबून चित्रं फिरवायच्या खेळाचा) डाव बहुधा शंभर टक्के धरला जातो. रूलेट, ब्लॅकजॅक, बॅकारा असे टेबलाचे खेळ दहा-वीस टक्केच धरतात, काही ठिकाणी शून्य. दहा टक्के धरणाऱ्या खेळात १०० रुपयांचा डाव लावलात तर पटीत १० च जमा होतात.

एका डावाची कमाल रक्कम. बोनस चालू असताना एका डावाला ठरलेल्या रकमेहून एक रुपया जरी जास्त लावला तरी सगळी जिंकलेली रक्कम रद्द, अशी अट सर्रास असते. खेळताना अ‍ॅप अडवत नाही. पैसे काढायला गेलात की नोंदी तपासून ती अट पुढे करतात.

मुदत. सात दिवस की तीस? मोजणी बहुधा कोड टाकल्यापासून सुरू होते, पहिल्या डावापासून नव्हे.

काढता येणारी कमाल रक्कम. पैसे न भरता मिळणाऱ्या बोनसला आणि फ्री स्पिनला (स्लॉटच्या मोफत डावांना) ही मर्यादा जवळपास नेहमीच असते. तुम्ही पन्नास हजार जिंकले तरी काढता येतात दोन हजार.

बोनस सुटा की चिकट. सुट्या प्रकारात आधी तुमचे स्वतःचे पैसे वापरले जातात, आणि ते संपण्याआधी तुम्ही बोनस सोडून उरलेलं काढू शकता. चिकट प्रकारात दोन्ही रकमा एकत्र कुलूपबंद होतात. पट पूर्ण होईपर्यंत तुमचे स्वतःचे पैसेही तुमचे नाहीत. चौथ्या टप्प्यात या फरकाला फार महत्त्व आहे.

कॅशबॅक, फ्री स्पिन, रीलोड अशी बाकीची नावं वेगळी, वळण हेच. फ्री स्पिनमध्ये जिंकलेली रक्कमही बोनस म्हणूनच जमा होते आणि तिलाही पट लागते.

## टप्पा ३: कागद-पेन घेऊन हिशोब

लागणारे आकडे तीनच: बोनसची रक्कम, पट आणि खेळातला घराचा वाटा. घराचा वाटा म्हणजे लावलेल्या प्रत्येक शंभर रुपयांतून सरासरीने कॅसिनोकडे राहणारी रक्कम. स्लॉटवर 'आरटीपी ९६' (शंभरातले सरासरी ९६ खेळणाऱ्याला परत) लिहिलेलं असेल तर घराचा वाटा ४ टक्के. एका शून्याच्या रूलेटमध्ये चाकावर ३७ खाने आणि मोबदला ३६ च्या हिशोबाने, म्हणून वाटा २.७ टक्के. दोन शून्यांच्या रूलेटमध्ये ३८ खाने आणि मोबदला तोच, म्हणून ५.२६.

समजा सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत 'गड्डा१०००' असा कोड आला: १,००० भरा, १,००० बोनस मिळवा, ३० पट.

- पट फक्त बोनसवर, ९६ चा स्लॉट: १,००० गुणिले ३० म्हणजे ३०,००० रुपयांचे डाव. त्याचे ४ टक्के १,२००. बोनस मिळाला १,०००, तो फेडताना सरासरीने गेले १,२००. म्हणजे 'मोफत' हजार घ्यायला खिशातले दोनशे गेले.
- पट भरणा अधिक बोनसवर, तोच स्लॉट: २,००० गुणिले ३० म्हणजे ६०,०००. त्याचे ४ टक्के २,४००. खात्यात एकूण रक्कमच २,००० आहे. सरासरीने चाललात तर पट पूर्ण होण्याआधीच सगळं संपतं.
- पट फक्त बोनसवर, पण रूलेट, दहा टक्के धरणारं: पटीत ३०,००० जमायला प्रत्यक्षात ३,००,००० चे डाव लावावे लागतात. त्याचे २.७ टक्के ८,१००. घराचा वाटा कमी म्हणून रूलेट निवडणारे इथे अडकतात.

एक आकडा लक्षात ठेवला तरी पुरे. ९६ चा स्लॉट आणि पट फक्त बोनसवर असेल, तर २५ पटीला बोनसची किंमत शून्य होते, कारण २५ गुणिले ४ म्हणजे १००. त्यापुढची प्रत्येक पट तुमच्या खिशातून. भरणा आणि बोनस सारखेच असतील आणि पट दोन्हींवर असेल, तर ही रेषा साडेबारा पटीवरच येते. ब्रिटनच्या नियामकाने तिथल्या परवानाधारक कंपन्यांना १० पटीची मर्यादा घातली आहे. इथे टेलिग्रामवर फिरणाऱ्या कोडांच्या अटींशी ती ताडून पाहा.

वेळेचाही हिशोब करा. ६०,००० चे डाव दहा-दहा रुपयांनी लावायचे तर ६,००० वेळा बटण दाबावं लागेल. मिनिटाला दहा धरले तरी दहा तास. सात दिवसांच्या मुदतीत, कामाची पाळी सांभाळून, झोप मोडून. मग माणूस वैतागून मोठा डाव लावतो आणि कमाल रकमेची अट मोडते. अट ठेवण्यामागचा हेतूही तोच असतो.

सावधान: वरचा हिशोब आरटीपी खरा आहे असं धरून आहे. प्रामाणिक साइटवर ईकोग्रा, आयटेक लॅब्ज, जीएलआय अशा तपासणी संस्थांचं चिन्ह असतं आणि ते दाबलं की त्या संस्थेच्या स्वतःच्या साइटवर प्रमाणपत्र उघडतं. नकली साइटवर ते नुसतं चित्र असतं, दाबलं तरी काही होत नाही. लिंकवरून आलेल्या एपीकेत स्क्रीनवर ९६ लिहून आत ६० ठेवलेलं असलं तरी तुम्हाला ते कळायचा मार्ग नाही.

## टप्पा ४: पैसे आत असतील तर आधी नोंद, मग बोनस रद्द, मग विड्रॉल

हा क्रम बदलू नका.

१. नवा रुपया भरणं बंद. 'आणखी पाचशे भरले की विड्रॉल सुरू होईल' असं कोणीही सांगितलं तरी.

२. सगळं जपून ठेवा, अ‍ॅप काढण्याआधी. स्क्रीनशॉट घ्या: खात्यातली रक्कम, बोनसची शिल्लक पट, भरण्याची आणि काढण्याची यादी, अटींचं पूर्ण पान, कोडाचा मूळ मेसेज. ब्राउझरमध्ये असाल तर वरचा पूर्ण पत्ता दिसला पाहिजे. नुसतं कॅसिनोचं नाव कामाचं नाही, कारण त्याच नावाने दहा साइट असतात आणि त्या रोज पत्ता बदलतात. टेलिग्रामवर समोरचा माणूस दोन्हीकडची चॅट एका फटक्यात पुसू शकतो, म्हणून 'सर विड्रॉल कधी?' विचारत बसण्याआधी चॅटचं स्क्रीन रेकॉर्डिंग करा. त्यात त्याचं यूजरनेम आणि दिसत असेल तर नंबरही येऊ द्या.

३. बोनस चालू आहे का ते पाहा. चालू असेल आणि पट पूर्ण नसेल, तर सपोर्टला लेखी विचारा: 'माझा बोनस रद्द करा, माझी भरलेली शिल्लक काढायची आहे.' सुटा बोनस असेल तर तो आणि त्यावर जिंकलेलं जाईल, तुमचं उरलेलं वाचेल. चिकट असेल तर नाही म्हणतील. तो नकारही स्क्रीनशॉटमध्ये ठेवा.

४. विड्रॉलची विनंती एकदाच टाका. तुम्ही पैसे भरले त्याच नावाच्या बँक खात्यावर. दादाच्या गूगल पेवरून भरलेले पैसे स्वतःच्या खात्यावर मागितले तर 'नाव जुळत नाही' हे आयतं कारण मिळतं.

५. विनंती परत घेऊ नका. प्रलंबित असताना 'रद्द करून खेळा' असं बटण चमकत राहतं. दोन-तीन दिवस मुद्दाम लावतात ते याचसाठी. विनंती टाकली की अ‍ॅपच्या नोटिफिकेशन बंद करा आणि दिवसातून एकदाच पाहा.

सावधान: गूगलवर 'कस्टमर केअर नंबर' शोधू नका. त्या यादीत भामट्यांनी टाकलेले नंबर असतात. ते आधी गोड बोलतात, मग स्क्रीन दाखवणारं अ‍ॅप घ्यायला लावतात.

## टप्पा ५: 'टॅक्स भरा, मग पैसे सुटतील'

सोलापुरात काय, कुठेही, हातचं उरलेलं जातं ते इथे. खात्यात ८५,००० दिसतात, काढायला गेलं की मेसेज येतो: '३० टक्के टीडीएस आधी भरा, मग लगेच रिलीज.' आकडा खरा वाटतो, कारण ऑनलाइन खेळात जिंकलेल्या निव्वळ रकमेवर ३० टक्के कर भारतात खरोखरच आहे. खोटी आहे ती पद्धत. टीडीएस म्हणजे देणाऱ्याने कापून घेऊन उरलेलं द्यायचं. ८५,००० पैकी कापायचे असतील तर ते तिथेच कापले जातात. तुम्ही बाहेरून आणून भरायचे नसतात, आणि एखाद्या माणसाच्या यूपीआय आयडीवर तर मुळीच नाही.

याच पठडीतली बाकी नावं: जीएसटी, प्रोसेसिंग फी, खातं अनफ्रीझ करायची फी, 'व्हीआयपी लेव्हल पूर्ण करा', 'चुकीचा आयएफएससी टाकला म्हणून दंड'. भरलात की पुढचं कारण तयार असतं. स्क्रीनवरचे ८५,००० हे नुसते आकडे आहेत. ते कोणत्याही बँकेत नाहीत.

काही दिवसांनी तिसरा माणूस येतो: 'तुमचे अडकलेले पैसे काढून देतो, आधी दहा टक्के.' तुमचं नाव, नंबर आणि बुडालेली रक्कम त्याला ठाऊक असते. कुठून कळली असेल ते वेगळं सांगायला नको.

तपासा: पैसे मिळवण्यासाठी तुमचा यूपीआय पिन मागितला का? पैसे घेताना पिन कधीच लागत नाही. क्यूआर कोड स्कॅन करून पैसे येत नाहीत, जातात.

## टप्पा ६: बँक आणि मोबाईल बंद करणं

नोंदी सुरक्षित झाल्या असतील तरच इथे या.

- यूपीआय अ‍ॅपच्या प्रोफाइलमध्ये 'ऑटोपे' किंवा 'मँडेट' (आपोआप पैसे कापायची परवानगी) उघडा. अनोळखी नावाचं मँडेट दिसलं तर रद्द करा. ज्या अ‍ॅपमधून दिलं होतं तिथे पाहा, बँकेच्या अ‍ॅपमध्येही पाहा.
- डेबिट कार्डाचे ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार बँकेच्या अ‍ॅपमधून बंद करता येतात. दोन्ही बंद करा.
- एपीके टाकली असेल तर मोबाईल विमानात ठेवतो त्या मोडवर टाका. सेटिंग्जमधून त्या अ‍ॅपची अ‍ॅक्सेसिबिलिटी आणि डिव्हाइस अ‍ॅडमिनची परवानगी काढा, मगच अ‍ॅप काढा. आधी अ‍ॅप काढायला गेलात तर बटण दबत नाही आणि लोक तिथेच सोडून देतात.
- नंतर दुसऱ्या मोबाईलवरून नेटबँकिंगचा पासवर्ड आणि यूपीआय पिन बदला. त्याच मोबाईलवरून बदललात तर नवा पिनही पोहोचू शकतो. संशय उरला तर फोटो-नंबर काढून घेऊन मोबाईल फॅक्टरी रीसेट करा.
- आधार आणि पॅनचे फोटो पाठवले असतील तर दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर तुमच्या नावावर किती सिम चालू आहेत ते बघा. तुमचं नसलेलं सिम तिथूनच कळवता येतं.

तुम्ही स्वतः पिन टाकून दिलेले पैसे आणि तुमच्या नकळत गेलेले पैसे यांत बँक फरक करते. नकळत गेले असतील तर रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे कामकाजाच्या तीन दिवसांत कळवणं महत्त्वाचं, आणि कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेच्या माथी. म्हणून बँकेला फोन केलात तरी तक्रार क्रमांक लिहून घ्या, आणि शाखेत अर्ज दिलात तर पोच घ्या. 'साहेब जेवायला गेलेत, उद्या या' यावर परत फिरू नका. अर्ज आवक-जावकला देऊन शिक्का घ्या.

## टप्पा ७: तक्रार, आणि खातं होल्डवर गेलं तर

१९३० वर फोन करा. हा सायबर आर्थिक फसवणुकीचा राष्ट्रीय क्रमांक. इथे मिनिटांना किंमत आहे: तुमचे पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात पळत असतात आणि मध्येच कुठेतरी अडवायचे असतात. फोन करण्याआधी हे समोर असू द्या:

- व्यवहाराची तारीख, वेळ, रक्कम आणि यूपीआयचा बारा आकडी संदर्भ क्रमांक;
- ज्या आयडीवर किंवा खात्यावर गेले ते, प्रत्येक व्यवहाराचं वेगळं;
- तुमच्या बँकेचं नाव आणि खाते क्रमांक.

क्रमांक मिळाला की चोवीस तासांच्या आत सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर पूर्ण माहिती भरा. मजकूर लिहिताना रडगाणं नको, तारखेप्रमाणे ओळी हव्यात: अमुक तारखेला अमुक लिंक आली, अमुक रक्कम या आयडीवर, विड्रॉल मागितला, टॅक्स मागितला. दहा व्यवहार असतील तर दहाही टाका. 'एकूण ४२,०००' असं एकत्र लिहिलं तर एकही व्यवहार माग काढण्याजोगा राहत नाही.

'मी जुगार खेळलो, तक्रार कशी करू' म्हणून खूप जण गप्प बसतात. २०२५ च्या कायद्याचा रोख चालवणाऱ्यांवर, जाहिरात करणाऱ्यांवर आणि पैसे वळवणाऱ्यांवर आहे. जे घडलं ते खरं सांगा. 'चुकून पैसे गेले' अशी गोष्ट रचलीत तर पुढे जबाब जुळत नाही.

सोलापुरात एक घोळ नेहमी होतो. शहराची हद्द पोलीस आयुक्तालयाकडे आहे. बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट, मोहोळ वगैरे तालुके ग्रामीण पोलीस अधीक्षकांकडे. सायबर पोलीस दोन्हीकडे वेगळे. तुम्ही राहता कुठे त्यावर ठरवा. पण वेळ थोडा असेल तर हद्दीचा विचार करत बसू नका: फौजदार चावडी असो की जोडभावी पेठ, दखलपात्र गुन्ह्याची खबर कुठल्याही ठाण्यात देता येते आणि ती शून्य क्रमांकाने नोंदवून योग्य हद्दीत पाठवायची असते. सोबत स्टेटमेंटची प्रत, स्क्रीनशॉट छापून आणि पेनड्राइव्हवर, ओळखपत्र आणि १९३० चा क्रमांक न्या. मूळ मोबाईल रीसेट करायचा असेल तर त्याआधी तपास अधिकाऱ्याला विचारा. टप्पा ६ आणि ७ एकाच दिवशी येत असतील तर रीसेट शेवटी.

पैसे मिळाले, पण खातं बंद पडलं. याची कल्पनाही लोकांना नसते. कॅसिनोने विड्रॉल म्हणून जे ५,००० पाठवले ते त्याच भाड्याच्या खात्यांतून आले. त्या खात्यात दुसऱ्या राज्यातल्या कुणाचे तरी फसवणुकीचे पैसे होते. त्याने तक्रार केली, पोलिसांनी माग काढला, आणि तुमच्या खात्यावर होल्ड आला. मग त्याच खात्यात जमा होणारा पगारही अडकू शकतो. अशा वेळी:

१. बँकेकडून लेखी घ्या: कोणत्या तक्रारीवरून, कोणत्या राज्याच्या कोणत्या ठाण्याने, किती रकमेवर होल्ड लावला.
२. पूर्ण खातं गोठवलं असेल तर वादातल्या रकमेपुरताच होल्ड ठेवून बाकी खातं मोकळं करावं, असा अर्ज बँकेला आणि त्या तपास अधिकाऱ्याला ईमेलने द्या. पगाराची स्लिप किंवा मालकाचं पत्र जोडा.
३. ते पैसे कोणत्या अ‍ॅपमधून आले ते पुराव्यासह सांगा.
४. अधिकाऱ्याचा ईमेल बँकेने दिलेल्या पत्रावरूनच घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर 'मी अमुक ठाण्यातून बोलतोय, सेटलमेंट करून टाका' म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.
५. एवढ्याने होल्ड निघाला नाही तर वकिलामार्फत न्यायालयात अर्ज करावा लागतो.

यालाच लागून एक इशारा, खास करून कॉलेजच्या पोरांसाठी आणि एमआयडीसीत नव्याने लागलेल्यांसाठी. 'तुझं खातं आणि सिम महिनाभर दे, पाच हजार देतो' असं कोणी म्हणालं तर तेच हे भाड्याचं खातं. पैसे दुसऱ्याने फिरवले तरी खात्यावर नाव तुमचं, आणि परराज्यातले पोलीस शोधत येतात ते तुमच्या घरी.

## टप्पा ८: पुन्हा कोड येणार, त्याची सोय

नंबर एकदा यादीत गेला की कोड येतच राहतात. आलेला मेसेज किंवा कॉल संचार साथीवरच्या 'चक्षू' सुविधेत कळवा आणि मग ब्लॉक करा. नुसता ब्लॉक केलात तर दुसऱ्या नंबरवरून येतो. टेलिग्राममध्ये सेटिंग्जमधली प्रायव्हसी उघडून ग्रुपमध्ये कोण घालू शकतं ते 'माझे कॉन्टॅक्ट' एवढ्यापुरतं करा. जाहिरातींचे कॉल-मेसेज १९०९ वर बंद करता येतात, पण भामटे त्या यादीला जुमानत नाहीत, तेव्हा त्यावर विसंबू नका.

पगार ज्या खात्यात येतो त्याला यूपीआय जोडू नका. रोजच्या खर्चाला दुसरं खातं ठेवा आणि त्यात आठवड्याला लागेल तेवढंच टाका. हरलेलं भरून काढायला लोन अ‍ॅपमधून किंवा भिशीतून पैसे उचलावेसे वाटत असतील, रात्री झोप लागत नसेल, तर १४४१६ वर टेली-मानसला फोन करा. हा सरकारी मानसिक आरोग्य क्रमांक आहे, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. घरातल्या एकाला खरी रक्कम सांगून टाका. अर्धी सांगितली तर उरलेली फेडायला माणूस पुन्हा त्याच अ‍ॅपकडे वळतो.

तक्रार केल्यावर दर आठवड्याला पोर्टलवर आपला क्रमांक टाकून स्थिती पाहा. कुठल्या खात्यात रक्कम अडवली असं दिसलं तर ती आपोआप परत येईल म्हणून थांबू नका: तपास अधिकाऱ्याला भेटून, अडवलेली रक्कम आणि तुमचा व्यवहार जुळतो हे दाखवणारं स्टेटमेंट घेऊन, ती परत मिळण्यासाठी काय करायचं आणि न्यायालयात अर्ज लागतो का ते विचारा.